तारेवरचा ओरखडा

“हालतंय का बघ, चतुरा. पाय आपट जरा. हाललं की गेलं समज. मग वढ्याच्या वाळूत हुडकत बसशील, अन् तुझी माय माझ्या नावानं बोटं मोडंल.”

हा आवाज चतुराबाईनं ऐकला तेव्हा ती परकरातली पोर होती. माहेरी नरसीत, ग्यानबा सोनाराच्या ओसरीवर, दोन्ही पाय पुढं करून बसलेली. ग्यानबा तिच्या घोट्यांवर चांदीचे वाळे बसवत होता. दाबायचा, थांबायचा, करंगळी आत सरकते का बघायचा आणि पुन्हा दाबायचा. दुखत होतं. पण लग्न ठरलेल्या पोरीनं रडायचं ते मांडवात, असं तिला घरून सांगितलेलं होतं, म्हणून ती समोरच्या चिंचेकडं बघत राहिली. वाळे बसले. तिनं पाय आपटला. घोटा हलला, वाळा हलला नाही.

“आता हे तुझ्यासंगं म्हातारे व्हतील,” ग्यानबा म्हणाला आणि भट्टीतला निखारा फुंकायला वळला.

पुढं पुष्कळ गोष्टी तिच्या मनातून गेल्या. मांडवात कोण कोण होतं तेही गेलं. हा आवाज मात्र राहिला. डोरलं ओवताना, पाटली चढवताना, लेकराच्या कमरेला करदोडा बांधताना तो कानाशी यायचा आणि तिचं बोट आपोआप त्या वस्तूखाली जायचं. हालतंय का बघ.

बेचाळीस सालात, जगात कुठं तरी लढाई चालू असताना, चतुराबाईची लेक शकू तेराव्या वर्षात होती आणि शकूच्या तोंडात सोन्याची तार होती.

ही तार शकूच्या वडिलांमुळं आली. तातेराव कयाधू नदीकाठच्या एका गावातले मोठे जमीनदार, आणि नवी वस्तू गावात कुणाच्याही आधी आपल्या दारात यावी अशी त्यांना हौस. गाण्यांचा फोनो त्यांनीच आणला होता. भिंतीवरचं घड्याळही त्यांचंच; त्याचा टोला ऐकायला लोक पारावरून उठून यायचे. शकूचे वरचे दोन्ही सुळे बाकीच्या दातांवर चढून बाहेर आले होते. बोलताना ओठ त्यांच्यावर घासायचा, थंडीत सोलून निघायचा. गावातल्या पोरी तिला “मका” म्हणायच्या, कारण कणसाच्या टोकाला दाणे असेच एकावर एक बसलेले असतात. शकू हसायची ती तोंडावर हात ठेवून, आणि तातेरावांना आपल्या लेकीचा तो हात आवडत नसे.

डॉक्टर हरिचंद हैदराबादचे, कलकत्त्याला शिकलेले. महिन्यातून एकदा गाडीनं हिंगोलीला यायचे आणि स्टेशनजवळच्या एका खोलीत दोन दिवस बसायचे. लोक त्यांच्याकडं दात उपटायला जात. दात उपटायचा नाही, नीट करायचा आहे, असं सांगत आलेले तातेराव पहिलेच. डॉक्टरांनाही त्याचा आनंद झाला असावा. त्यांनी सुळ्यांच्या मागची एकेक दाढ काढली, म्हणजे जागा झाली. मग पुढच्या प्रत्येक दाताला सोन्याचं पातळ कडं बसवलं. प्रत्येक कड्यावर एक इवलीशी खोबण, आणि साऱ्या खोबणींतून गालाकडून गालाकडं जाणारी एक तार. तार खोबणीतून निसटू नये म्हणून केसाएवढ्या बारीक तारेची बांधणी. मागच्या दाढेपासून सुळ्यापर्यंत ताणलेलं रबर. ते डॉक्टर सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीतून कापून द्यायचे. रबरानं सुळ्याला मागं ओढायचं, सुळ्यानं तारेवरून सरकत रिकाम्या जागेत जाऊन बसायचं. काम एवढंच होतं, आणि ते फार हळू व्हायचं होतं.

पहिली तार विलायती होती. ती चावताना मोडली. दुसरी मागवायची तर जहाजं बंद. डॉक्टर म्हणाले, इथला एखादा चांगला कारागीर बघू या. चतुराबाईनं पदराआडून नवऱ्याला सांगितलं, “ग्यानबाकाकाला दावा की. नरसीचं दुकान मोडून हितंच हिंगोलीच्या सराफ्यात बसतेत आता.”

ग्यानबा म्हातारा झाला होता, पण हात थांबला नव्हता. दुकानात भिंतीला त्याची जंत्री टांगलेली असायची. जंत्री म्हणजे भोकाभोकांची पोलादी पट्टी; मोठ्या भोकातून बारीक भोकाकडं तार ओढत न्यायची आणि ती ओढता ओढता लांबत, बारीक होत जायची. हरिचंदांनी तुटलेला विलायती तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

“उस्ताद, तार ऐसी होना के दाँत उसपे फिसले. चलना दाँत कू है. तार कू नै.”

“सरीवर मनी सरकतो तसं?”

“हौ, बराबर. मगर डोरी में गाँठ पड़ी तो?”

“अडला मनी.”

“बस, वोइच. गाँठ नक्को. खुरदुरा नक्को.”

“डॉक्टरसायब,” ग्यानबा म्हणाला, “आजवर सोन्याला चिकटून ऱ्हाय म्हनून बाया माझ्याकडं यायच्या. तुमी पयले आले, सरकू दे म्हननारे.”

तातेराव हसले. डॉक्टरांना मराठी थोडी समजायची, तेही हसले. ग्यानबानं तार ओढली, पुन्हा तापवली, पुन्हा ओढली, आणि शेवटी ती दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नखावरून फिरवली. नख कुठं अडखळलं नाही. डॉक्टरांनी ती तार शकूच्या दातांवर बसवली, सुळ्यांची बांधणी मुद्दाम हलकी ठेवली आणि जाताना सांगितलं, हात लावायचा नाही कुणी. सैल वाटेल, वाटू द्या.

ते चतुराबाईनं ऐकलं. “सैल” एवढाच शब्द ती घेऊन घरी आली.

गावात तारेची चर्चा होणारच होती. विहिरीवर म्हातारी रुख्मिणीबाई दोर ओढता ओढता म्हणाली, “जित्या लेकराच्या तोंडात सोनं घातलं गं बाई. आमी आपलं शेवटी घालतो.”

“बांधलेलं हाय ते, आत्याबाई,” चतुराबाई म्हणाली. “दागिना हाय तो. नाकात नथ असती तसा.”

“नथ बी सुटती की.”

“ही सुटायची न्हाई.”

माणूस जायला लागला की त्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवायची तिकडं रीत आहे. ठेवणारं माणूस घरचंच असतं. शकूच्या आधी चतुराबाईला एक मुलगी झाली होती. ती चालायला लागली, “आये, पानी” म्हणायला लागली आणि चैताच्या तापात गेली. सासूनं चतुराबाईच्या गळ्यातल्या एकदाणीतला एक मणी तोडून तिच्याच हातात दिला, ठेव म्हणून. तिनं ठेवला. मणी जिभेवर जरासा हलला, आणि मग हलला नाही. घरात त्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. बोलायचं नसतं, म्हणून बोललं नाही. एकदाणी तिनं पुढं कधी घातली नाही, आणि का घालत नाहीस, हे तिला कुणी विचारलंही नाही.

तेव्हा अंगाशी बांधलेलं सोनं आणि तोंडातलं सुटं सोनं यांत केवढं अंतर असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. बांधणीच्या एका पिळाएवढं.

दिवेलागणीला शकू जेवायची, चूळ भरायची आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी व्हायची. देवळीतल्या दिव्याचा उजेड तिच्या डाव्या गालावर पडायचा. उजवी बाजू सावलीत असायची. चतुराबाई बोटानं तार चाचपायची. उजवीकडची बांधणी नीट दिसायची नाही, तिच्यावरून ती नुसतं बोट फिरवायची. डावीकडची दिसायची, आणि ती हलायची. काटा काढायच्या चिमट्यानं त्या बारीक तारेचं टोक धरून ती त्याला अर्धा पीळ द्यायची, कधी एक. मग बोट खाली घालून बघायची. नाही हलत. झालं.

“आई, डॉक्टर म्हनला व्हता सैल ऱ्हाऊ द्या.”

“डॉक्टर गाडीत बसून गेला. झोपंत तार तुझ्या गळ्यात उतरली तं मी कुनाला हाक मारू?”

“दुखतं गं.”

“वाळे बसवताना मला बी दुखलं.”

“मी सांगन बाबाला.”

“सांग. मग तेच घेऊन बसतील तुला मांडीवर.”

शकूला हसू यायचं आणि तोंडात चिमटा असल्यामुळं ते नाकातून बाहेर पडायचं. ती सांगायची नाही. मोठी झाल्यापासून ती आईजवळ अशी आडवी होत नव्हती; न्हाणीपासून निजण्यापर्यंत सगळं वेगळं झालं होतं. तारेमुळं ही मांडी पुन्हा मिळाली होती. पीळ देऊन झाला तरी ती लगेच उठायची नाही, आणि चतुराबाईही तिला ऊठ म्हणायची नाही. केसांतून हात फिरवायची. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओठांवर नव्या ओव्या यायच्या:

सोन्याची बाई तार, सोनार ओढितो सरळ
माझ्या शकूबाईचे दात, जोंधळ्याची जशी ओळ

सावलीतला उजवा सुळा सरकायला लागला. फार नाही, पण पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी मोजपट्टी लावली तेव्हा त्याच्यामागची जागा कमी झालेली दिसली. डावा जिथल्या तिथं होता. डॉक्टर आधी सगळ्या बांधण्या कातरीनं छाटून टाकायचे आणि मग तार काढायचे. छाटलेल्या तारेकडं कोण बघतं. काढलेली तार मात्र त्यांनी खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिली. डाव्या सुळ्याच्या जागी तारेवर एक ओरखडा होता. खोबणीच्या कडेनं तारेला चावल्यासारखा.

“यहाँ नरम पड़ गई,” ते म्हणाले. “दाँत चला नै, अटक गया.”

तातेरावांनी ती तार रुमालात गुंडाळली आणि सराफ्यात जाऊन ग्यानबापुढं टाकली. “सोनार, हे काय हाय?”

ग्यानबानं तार उजेडात धरली. त्याला ओरखडा डोळ्यांनी दिसला नाही. नखाला लागला.

“हितं बारीक झाली जनू,” तो म्हणाला. “ओढताना हात इकडं तिकडं झाला आसंल, मालक. दुसरी देतो.”

दुसरी तार त्यानं दिवसभर बसून ओढली. महिन्यानं तिच्यावरही त्याच जागी ओरखडा. तिसरीवरही. तिसरीला त्यानं सोन्यात तांब्याचा अंश जरा वाढवला होता, कणखर व्हावी म्हणून. तिला ओरखडा बारीक पडला, पण पडला. उजवा सुळा आता जवळजवळ जागेवर आला होता आणि डावा तसाच पुढं होता. त्यामुळं शकूचं तोंड आधीपेक्षा वाकडं दिसायला लागलं. पोरींनी नवं नाव काढलं, “दीड मका”. शकूचा हात परत तोंडावर गेला.

तातेराव घरात फारसं बोलायचे नाहीत, ते सराफ्यात बोलले. ग्यानबाच्या तारेत खोट आहे, तांबं मिसळतो, म्हातारपणी नियत फिरली. कुणी तरी म्हणालं, नियत न्हाई, नजर गेली. कुणी म्हणालं, दोन्ही गेलं. लग्नसराई जवळ आली तरी ग्यानबाच्या दुकानात भट्टी रोज पेटेना. सोनाराचं दुकान नावावर चालतं. नाव गेलं की उरतात त्या चार भिंती आणि एक फुंकणी.

हे चतुराबाईला कळत होतं. बाजारचा माणूस घरी यायचा आणि ओसरीवर सगळं सांगायचा. तरी ग्यानबाच्या तारेचा आणि आपल्या चिमट्याचा काही संबंध आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती तार खराब करत नव्हती. ती तार राखत होती.

ध्यानात आलं ते डॉक्टरांच्या खोलीत. त्या खेपेला तिसरीच तार पुन्हा बसवावी लागली म्हणून डॉक्टर वैतागले होते आणि तातेरावांना पुन्हा पहिल्यापासून समजावत होते. त्यांनी टेबलावरचा दोरा घेतला, त्यात कोटाचं बटण ओवलं, दोऱ्याचं एक टोक तातेरावांच्या हाती दिलं. बटण बोटानं ढकललं. ते सरकलं. मग त्यांनी बटणाच्या भोकाशी दोरा चिमटीत घट्ट दाबला आणि पुन्हा ढकललं. बटण जागचं हललं नाही, दोराच वाकला.

“बाँधनी कसी तो दाँत जम जाता. इसलिए मैं ढीली रखता. ढीली बाँधनी खतरा नै है, बाई,” ते मध्येच चतुराबाईकडं वळून म्हणाले, कारण ती टक लावून बघत होती. “ढीली है इसलिए चलता.”

तातेराव म्हणाले, “बांधनी तुमी सैलच करता. मंग तारच खोटी.”

डॉक्टरांनी खांदे उडवले. चतुराबाईनं पदर दातांत धरला. शकू खुर्चीवर तोंड उघडून पडली होती. तिची नजर छताकडं होती, पण छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

परतताना छकड्यात मायलेकी मागं बसल्या होत्या. तातेराव पुढं गाडीवानाशी पिकापाण्याचं बोलत होते. ओढ्यात उतरताना धक्का बसला तेव्हा शकू हळूच म्हणाली, “आता आवळू नको मंग.”

“न्हाई आवळत.”

“अन् बाबाला?”

चतुराबाई ओढ्याकडं बघू लागली. बैलांच्या पायांखाली पाणी वाजत होतं.

त्या संध्याकाळी शकू मांडीवर आडवी झाली, चिमटा देवळीतच राहिला. चतुराबाईनं बोट फिरवलं. बांधणी हलली. तिनं बोट काढून घेतलं. केसांतून हात फिरवला आणि शकूला निजू दिलं. पहाटे जात्यापाशी बसण्याआधी ती परत आली. शकू तोंड उघडं टाकून झोपली होती, जीभ तारेला लागून होती. चतुराबाई थोडा वेळ उभी राहिली. मग चिमटा घेतला. अर्धाच पीळ दिला. शकू जागी झाली नाही, किंवा जागी झाली आणि डोळे उघडले नाहीत. त्या दिवशी जात्यावर ओवी आली नाही, नुसतं पीठ आलं.

असं ती दोनदा थांबली आणि दोनदा परत आली. माहीत असणं एक होतं आणि बोटाखाली सोनं हलणं दुसरं.

डॉक्टरांच्या पुढच्या खेपेला, बाजाराच्या दिवशी, गोष्ट शेवटाला आली. तातेरावांनी सराफ्यातल्या गुलाबचंद शेटला पंच केलं. शकूच्या तोंडातली तार काढून गुलाबचंदच्या पेढीवर वितळवायची, कसाला लावायची आणि खोट किती ते चार लोकांदेखत ठरवायचं. ग्यानबाला बोलावणं गेलं. डॉक्टरांनी तार काढून दिली आणि ते स्वतःही आले. आपल्या कामाचं काय होतंय ते त्यांनाही बघायचं होतं. पुरुष गादीवर बसले. चतुराबाई आणि शकू पेढीच्या ओट्यावर, खांबाआड. आतलं सगळं दिसत होतं.

ग्यानबा आला तो जंत्री घेऊन. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली ती पट्टी त्यानं गुडघ्यावर ठेवली आणि तो भिंतीला टेकून बसला. गुलाबचंदनं तार आधी कसोटीवर घासली, काळ्या दगडावरची रेघ बघितली, तेजाब टाकलं, पुन्हा बघितली. मग मुशीत घालून फुंकर मारली. सोन्याचा इवलासा थेंब झाला, गोल, लाल, मग पिवळा. त्यानं तो थंड केला, हातोडीनं चेपला, पुन्हा कसाला लावला.

“तातेरावजी,” तो म्हणाला, “माल बराबर हाय. सांगितला तेवढाच तांबा. खोट बिलकुल न्हाई.”

पेढीवर कुजबुज झाली. कुणी तरी म्हणालं, चला, म्हाताऱ्याची अब्रू वाचली. ग्यानबाचा चेहरा मात्र मोकळा झाला नाही.

“मंग अडतं काहून?” तातेराव म्हणाले. “सोनं खरं, तार खोटी, आसं बी आसतं का शेट?”

गुलाबचंदनं ग्यानबाकडं बघितलं नाही. “ते हाताचं काम हाय. सोन्याचं न्हाई.”

“म्या तेच म्हनतो,” ग्यानबा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, बाजारभाव सांगावा तसा. “चोरी आसती तं भांडलो आसतो, मालक. हे भांडन्यासारखं न्हाई. तीन तारा दिल्या अन् तिन्हीत एकाच जागी नख अडकलं. डोळ्याला दिसना म्हनून बोटावर भरवसा ठेवला व्हता. बोटानं बी धोका दिला.” त्यानं सोगा सोडला आणि जंत्री गुलाबचंदपुढं ठेवली. “तुमचा कारागीर तरना हाय, शेट. ही त्याला द्या. माझ्या बापाची हाय, भोकं अजून गोल हायेत. पोरीची चौथी तार तो ओढंल. म्या आजपून तार ओढत न्हाई.”

“उस्ताद, ऐसा नक्को,” डॉक्टर म्हणाले.

“लेकराचं तोंड वाकडं केलं म्या,” ग्यानबा म्हणाला. “तिची माय माझ्या गावची. लहान व्हती तवापून तिचा दागिना माझ्या हातचा. आता कोन्त्या तोंडानं म्हनू की हात बरा हाय.”

गुलाबचंदनं जंत्री उचलली. उजेडाकडं धरली. भोकांतून उजेडाचे बारीक ठिपके त्याच्या अंगरख्यावर पडले. ती ठेवायला म्हणून त्यानं मागच्या फळीकडं हात नेला.

शकूनं आईचा पदर ओढला. नंतर तिनं पदर सोडून दिला आणि स्वतः उठायला लागली. तेव्हा चतुराबाईनं तिला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि आपण उठली. खांबाच्या आडून निघून ती पेढीच्या उंबऱ्याशी आली. डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. बाजारात, परक्या पुरुषांत, नवरा समोर असताना ती आजवर एक शब्द बोललेली नव्हती.

“शेट, ती फळीवर ठेवू नका,” ती म्हणाली.

तातेराव वळले. “तू काहून उठली? जा, पोरीजवळ बस.”

“बसते. आधी सांगते.”

“घरी सांग काय ते.”

“घरी सांगायचं व्हतं, सांगितलं न्हाई. आता हितंच सांगते.” तिचा आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. “डॉक्टरसायबानं बांधनी सैल ठेवली व्हती. मी रोज आवळली. चिमट्यानं. दिव्याच्या अंगाला जो दात येतो तोच मला दिसायचा, म्हनून तोच अडला. कळल्यावर बी आवळली. पोरगी नको म्हनली व्हती, तिला बोलू नका. तिच्या थोरलीच्या तोंडात मी सुटं सोनं ठेवलंय. हिच्या तोंडात मला ते हाललेलं चालंना.”

रस्त्यावरून जोंधळ्याच्या पोत्यांची गाडी गेली आणि तिची चाकं दूर जाईपर्यंत ऐकू आली. तातेराव गादीच्या कडेकडं बघत होते. थोरलीचं नाव काय होतं, ते त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं आणि परत गेलं.

चतुराबाई ग्यानबाकडं वळली. इतका वेळ खाली असलेली मान तिनं वर केली.

“काका, तुमच्या तारंवरून मी रोज बोट फिरवत व्हते. कुनाला इचारू नका, मला इचारा. पानी लागावं बोटाला, तशी लागती ती. कुठंच अडत न्हाई. अडवत मी व्हते.”